परक्या हाताची अंघोळ

साबणे हे त्याचं खरं आडनाव नव्हे. वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर एक निवृत्त वकील राहायचे, त्यांनी ते ठेवलं. माणूस जन्मभर खटले हरला असावा, पण दुसऱ्याला नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "दिवसभर साबणात असता, तुम्ही साबणेच," असं ते एकदा म्हणाले आणि आठवड्याभरात सगळा मजला तसंच म्हणू लागला. नव्या माणसांना ते आडनाव खरंच वाटायचं. कुणाच्या तरी भेटीला आलेल्या एका बाईंनी तर त्याला विचारलं, की अमुक अमुक साबणे तुमचे कोण? "चुलते," असं सांगून तो मोकळा झाला. थकलेल्या माणसाला खरं सांगायचाही कंटाळा येतो.

काम त्याचं अंघोळी घालण्याचं. बायकांच्या बाजूला दोन मावश्या होत्या, पुरुषांच्या बाजूला हा आणि लंबू. म्हातारी माणसं रोज धुवायची म्हटलं तर दोघांच्यानं होणारं नव्हतं, म्हणून आठवड्यातून दोन वार ठरवून दिलेले. तपासणीला माणसं यायची, ती पडदे बघायची, स्वयंपाकघरातली भांडी बघायची, कुंड्यांना पाणी घातलंय का बघायची. पडदे स्वच्छ म्हणजे म्हातारे सुखात, असा त्यांचा हिशोब. म्हाताऱ्याच्या बगलेत डोकावून बघायला कधी कोणी आलं नाही. ते बघणारा हा एकटा.

न्हाणीघर मजल्याच्या टोकाला होतं. पांढऱ्या टाइल्स, काही तडकलेल्या. भिंतीला धरायला दांड्या, मधोमध भोकं पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची, वर दुधी काचेची खिडकी. गरम पाणी पहिल्या काही जणांना पुरायचं, मग कोमट, मग तुम्ही आणि तुमचं नशीब. जो ओरडतो त्याला गरम आणि जो गप्प बसतो त्याला गार, असा जगाचा न्याय आहे, तो इथेही चालायचा. साबणे जमेल तेव्हा तो उलटा फिरवायचा. गप्प बसणाऱ्यांना आधी आणायचा आणि वकिलांना शेवटी. वकील बोंब मारायचे. त्या निमित्ताने त्यांच्या अंगात ऊब यायची.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. पाणी आधी माणसाच्या हातावर घालायचं, त्याने मान हलवली की मग पायांवर. डोक्यावर एकदम कधीच नाही. हात लावण्याआधी सांगायचं, आता पाठ, आता मान, आता डावा पाय. मांडीवरचा टॉवेल शेवटपर्यंत काढायचा नाही. जे धुवायचं ते टॉवेलच्या आतून, आणि त्या वेळी नजर खिडकीकडे. तोंडाने सरकारला शिव्या घालत राहायचं, म्हणजे समोरच्याचं लक्ष तिकडे राहतं. हे सगळं त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत एका म्हाताऱ्याने त्याच्या कानाखाली वाजवली होती, तेव्हापासून तो शिकत गेला.

लंबूची रीत निराळी. दोन-तीन जणांना ओळीत बसवायचं, भिंतीवरचा पाइप काढायचा आणि गाड्या धुतात तसं धुऊन काढायचं. लंबू वाईट माणूस नव्हता. त्याच्या वाट्याला माणसं जास्त होती आणि हात दोनच होते. पुढे पुढे साबणेलाही वाटायचं की आपणही पाइप घ्यावा आणि मोकळं व्हावं. घरी गेल्यावर बायको चहाचा कप हातात द्यायची, तेव्हा त्याची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची आणि कंबर बसू देत नसे, उभं राहू देत नसे. इतक्या पाठी, इतके पाय. चेहरे नंतर आठवायचे नाहीत, पाठी आठवायच्या.

आता त्याच्या वडिलांचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथूनच आहे.

वडील गाडी चालवायला शिकवायचे. दोन ब्रेक आणि दोन क्लच असलेली त्यांची छोटी गाडी होती, दारावर नाव रंगवलेली. ते शेजारच्या सीटवर बसायचे, पाय आपल्या ब्रेकवर. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले असतील. सगळे त्यांना सर म्हणायचे. शिकाऊ माणसांशी सरांचं बोलणं म्हणजे लोणी. "अहो, घाई नाही. क्लच हळू सोडा. छान. आता आरसा बघा." एका बाईंनी गाडी सरळ फाटकाच्या खांबावर नेली, तर सर म्हणाले, "खांब चुकीच्या जागी आहे, तुमची काही चूक नाही." ही हकिगत त्या बाई अजून सांगतात.

मुलाला मात्र त्यांनी एकदाच गाडीत बसवलं. चौकात इंजिन बंद पडलं. सरांनी त्याच्याकडे न बघता "उतर" म्हटलं, आणि तो घरी चालत आला. पुन्हा तो विषय निघाला नाही. आजही त्याला गाडी येत नाही. लोकांना साखर आणि घरच्यांना मीठ वाटणारे बाप पुष्कळ असतात, त्यातलेच हे एक. मुलाला वृद्धाश्रमात काम लागलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "हॉस्पिटल लाइनमध्ये आहे." साबणेने ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

आई गेल्यावर वडील याच्याकडेच राहत होते. पुढे ते पायरीवरून पडले, खुब्याचं हाड जोडून आणलं. काठी धरून चालू लागले, पण वाकता येईना. म्हणजे स्वतःची अंघोळ स्वतः करणं संपलं. सून सासऱ्याला अंघोळ घालणार नव्हती आणि सासरा घालून घेणार नव्हता, यात दोघांचंही एकमत होतं. राहिला मुलगा. तो तर याच कामात मुरलेला.

"बाबा, मी घालतो. माझं कामच आहे ते."

"तुझं काम तुझ्या कामावर," वडील म्हणाले. "मी काय तिथं भरती झालोय?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. वडील आत जायचे, कडी लावायचे, आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. दाराबाहेर उभ्या असलेल्या साबणेला सगळं समजत होतं. अंगावर पडलेल्या पाण्याचा आवाज वेगळा असतो आणि फरशीवर ओतलेल्या पाण्याचा वेगळा. म्हातारा तांब्या भरून फरशीला अंघोळ घालत होता. केस तेवढे ओले करून बाहेर यायचा आणि टॉवेलने खसाखसा पुसत "झालं बुवा" म्हणायचा.

मग वास येऊ लागला. तो वास साबणेच्या ओळखीचा होता. कामावर असा वास आला की तो लगेच कूस बघायचा, माकडहाडाजवळची कातडी बघायचा. घरात तो काहीच बघू शकत नव्हता. बायको चादरी धुऊन धुऊन टेकीला आली होती. ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती, पण बादली आपटण्याचा तिचा आवाज वाढला होता.

लांबच्या शहरात असलेल्या बहिणीला फोन केला. "बाबांना आश्रमात ठेवायचा विचार आहे का तुझा?" ताई म्हणाली. "लोक काय म्हणतील? तू स्वतः तिथं लोकांचं करतोस आणि आपल्या बापाचं होत नाही?"

"तू ये आठ दिवस," तो म्हणाला. "तू घाल अंघोळ."

त्यानंतर ताईला त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. दुरून डोंगर साजरे.

शेवटी ताप आला म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वडिलांना कुशीवर वळवलं, तेव्हा साबणेला माकडहाडाजवळची ती जखम पहिल्यांदा दिसली. तळहाताएवढी होती. रोज धुतली नाही तर हाडापर्यंत जाईल, मग माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी दाराबाहेर येऊन सांगितलं. दुसऱ्यांचे बाप चकचकीत ठेवणाऱ्या माणसाचा बाप घरात सडत होता. साबणे त्या दिवशी कामावर गेला, नेहमीसारख्या सगळ्यांच्या अंघोळी घातल्या आणि कपडे बदलायच्या खोलीत बसून रडला. लाज वाटली म्हणून रडला, आणि थकला होता म्हणूनही.

संध्याकाळी वडिलांनी भिंतीकडे बघत विचारलं, "तुझ्या त्या ठिकाणी जागा आहे का?"

"आहे. पण तुम्हाला कशाला..."

"तिथं अंघोळी घालतात ना? माणसं असतात ना त्याला?"

माणसं असतात म्हणजे परकी माणसं असतात. आपल्या हातापेक्षा बापाला परका हात बरा वाटतो, हे साबणेला तोंडात मारल्यासारखं झालं. बायकोने दुसऱ्या दिवशी वडिलांची पिशवी भरली आणि भरता भरता तीही रडली. सुटका झाली म्हणून रडतोय की आणखी कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वृद्धाश्रमात एक नियम होता. आपल्या नातेवाइकाचं आपण करायचं नाही. मेट्रनबाई त्या बाबतीत कडक होत्या. "आपलं माणूस आलं की हात थरथरतो, नाहीतर दुसऱ्यांचं राहून जातं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून सर लंबूकडे गेले. त्यांना आणखी दोघांबरोबर ओळीत बसवलं गेलं आणि पाइप सुरू झाला. परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि टॉवेल दोन्ही मुठींत घट्ट धरलेला होता. पुढच्या वाराला ते पलंगावरून उठले नाहीत. त्याच्या पुढच्या वाराला लंबूवर काठी उगारली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जखम मात्र कुणाचा पीळ बघत नाही, ती वाढायला लागली.

मेट्रनबाईंनी साबणेला बोलावलं. "मी नियम मोडते. तुम्हीच घ्या त्यांना. नाहीतर इथं ठेवता यायचं नाही, हॉस्पिटलात हलवावं लागेल, आणि तिथून या वयात कितीजण परत येतात ते तुम्हाला माहीत आहे."

"ते माझ्याकडून करून घेणार नाहीत," साबणे म्हणाला.

"विचारून तर बघा."

काय विचारायचं होतं? घरात विचारून झालं होतं. तरी त्याने गरम पाणी असताना, सगळ्यांच्या आधी, वडिलांना न्हाणीघरात आणायला सांगितलं. एक मावशी त्यांना खुर्चीत बसवून गेली. मग हा आत शिरला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर प्लॅस्टिकचा अॅप्रन. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. बघत राहिले. साबणेला वाटलं, आता "उतर" म्हणतील.

"तुम्ही इथले का हो?" वडील म्हणाले.

म्हाताऱ्यांची ओळख जाते हे साबणेने किती वेळा पाहिलं होतं. बायकोला बहीण म्हणणारे, मुलाला पोस्टमन समजणारे. आपल्या घरी ते इतक्या लवकर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"नाव काय तुमचं?"

"साबणे म्हणतात."

"बरं, साबणे. पाणी आधी हाताला दाखवा. एकदम नको."

त्याने पाणी हाताला दाखवलं. म्हाताऱ्याने मान हलवली. त्याने पायांपासून सुरुवात केली. डोक्यापर्यंत आला तेव्हा म्हाताऱ्याचा उजवा पाय टाइलवर दाबला गेला, ब्रेक दाबावा तसा. साबणेचा हात आपोआप थांबला. "छान," म्हातारा म्हणाला. "घाई नाही. आता घाला." टॉवेलच्या आतून त्याने जखम धुतली, नजर खिडकीकडे ठेवली, सरकारला चार शिव्या घातल्या. म्हाताऱ्याने त्यात आणखी दोन घातल्या. पाठ घासताना त्याला दिसलं की बापाच्या पाठीवर उजवीकडे एक मोठा तीळ आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मुलाला ते त्या दिवशी कळलं.

काम झाल्यावर तो धावत मेट्रनबाईंकडे जाणार होता, बाबांची ओळख गेली म्हणून सांगायला. पण आधी खोलीत डोकावला. वडील स्वच्छ कपडे घालून पलंगावर बसले होते. त्याला बघून म्हणाले, "अरे, चष्म्याची काडी ढिली झालीय. घरून येताना तो बारीक स्क्रू ड्रायव्हर आण. देव्हाऱ्या... नव्हे, शिवणाच्या डब्यात असेल. आणि ताईचा फोन आला तर सांग, मी बरा आहे. जास्त काही सांगू नको."

डोकं ठिकाणावर होतं. स्क्रू ड्रायव्हर शिवणाच्या डब्यातच सापडला.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला सगळं सांगितलं. "मला ओळख दाखवत नाहीत. अहो-जाहो करतात. मी म्हणजे कोणी नोकर."

"मग होऊ द्या की नोकर," बायको म्हणाली. "अंघोळ होतेय ना? जखम धुतली जातेय ना?"

"तुझं काय जातं बोलायला."

"माझ्या चादरी गेल्या बोलण्याआधीच," ती म्हणाली आणि त्याच्या पानात वाढलं. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "मुलासमोर उघडं बसायचं म्हणजे सोपं नसतं हो. तुम्हीच विचार करा, उद्या आपला मुलगा तुम्हाला..." तिने वाक्य तिथंच सोडलं. साबणेने विचार केला आणि हातातला घास परत पानात ठेवला.

असं ते सुरू झालं. न्हाणीघरात तो साबणे, बाहेर अरे. एकदा समजल्यावर त्याने नियम पाळला. उंबरा ओलांडला की तो परका व्हायचा. जखम सुकत गेली, आजूबाजूला नवी गुलाबी कातडी धरली. आणि एक गोष्ट झाली, जी त्याने कुणाला सांगितली नाही. त्याला ते वार आवडू लागले. त्याचा बाप त्याच्याशी गोड बोलत होता. "साबणे, हात चांगला आहे तुमचा. कुठं शिकलात?" असं विचारत होता. खांबावर गाडी घालणाऱ्या बाईंची हकिगत त्याने साबणेला रंगवून सांगितली. एका शिकाऊ माणसाने परीक्षेच्या दिवशी परीक्षकालाच गाडीत कोंडलं, तीही सांगितली. घरात जन्मभर न ऐकलेल्या गोष्टी साबणेला साबणाच्या फेसात बसून ऐकायला मिळत होत्या. लहानपणी तो दारावर नाव रंगवलेल्या त्या गाडीकडे बघायचा आणि आत बसलेल्या परक्या माणसांचा हेवा करायचा. आता त्याचा नंबर लागला होता, पण मुलगा म्हणून नव्हे.

"मुलंबाळं काय तुम्हाला?" त्याने एकदा धीर करून विचारलं.

"एक मुलगी, लांब असते. एक मुलगा."

"काय करतो मुलगा?"

"हॉस्पिटल लाइनमध्ये आहे," म्हातारा म्हणाला. "मान जरा जोरात घासा."

मग ती चूक झाली. लंबू आजारी पडला आणि दोघांचं काम एकट्या साबणेवर आलं. बदली माणूस येतो येतो म्हणून आलाच नाही. त्याने पाइप घेतला नाही, आपल्याच रीतीने सगळ्यांना धुवत राहिला, आणि दिवसांमागून दिवस तसेच गेल्यावर त्याचं डोकं चालेनासं झालं. हात चालत होते, तोंड चालत होतं, मधला माणूस झोपलेला होता. वडिलांच्या डोक्याला साबण लावताना फेस कपाळावरून खाली ओघळला आणि तो म्हणाला, "बाबा, डोळे मिटा."

म्हाताऱ्याचं अंग ताठ झालं. मांडीवरचा टॉवेल त्याने दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत ओढला, आणि त्या ओढाओढीत पाय उघडे पडले ते त्याला कळलं तेव्हा तो आणखीच आक्रसला. साबण डोळ्यांत गेला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"मावशीला बोलाव," तो म्हणाला. "तू जा."

साबणाचा फेस अंगावर वाळत असताना मावशी त्यांना खोलीत घेऊन गेली. पुढच्या वाराला ते उठले नाहीत. "आज नको," एवढंच म्हणाले. त्यानंतरही नाही. काठीसुद्धा उगारली नाही, तेच साबणेला जास्त लागलं. नवी कातडी फाटली. ताप चढू लागला. मेट्रनबाई आल्या, कूस बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघते. मग गाडी बोलावते."

एका शब्दाने माणूस मरतो का? साबणेला वाटत होतं, मरतो. तो स्वतःवर चिडला, बापावर चिडला, लंबूच्या आजारपणावर चिडला, बदली माणूस न पाठवणाऱ्या ऑफिसावर चिडला. चिडून झालं तेव्हा रविवार उजाडला होता. रविवार भेटीचा वार आणि त्याच्या सुट्टीचाही.

तो घरच्या कपड्यांत गेला. बायकोने इस्त्री करून दिलेला शर्ट, नीट भांग, पायांत बूट, ते रबरी नव्हेत. भेटीला येणारे पुढच्या अंगणाच्या बाजूने येत, तसाच तोही आला, कामाच्या दाराने नाही. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला. वडील खिडकीबाहेर बघत होते. चेहरा तापाने लाल झाला होता.

"बाबा, तो साबणे भेटला मला," तो म्हणाला.

वडिलांनी मान वळवली नाही.

"वाईट वाटत होतं त्याला. म्हणाला, दोघांचं काम एकट्यावर होतं, भान राहिलं नाही. तोंडातून भलतंच गेलं. पुन्हा कधी जाणार नाही म्हणाला."

कॉरिडॉरमधून चहाची गाडी खडखडत गेली. वकील कुणाशी तरी भांडत होते.

"थकतो माणूस," म्हातारा शेवटी म्हणाला. "उद्याच ये म्हणावं त्याला. पाणी गरम असताना."

सोमवार हा अंघोळीचा वार नव्हता, तरी साबणेने अंघोळ घातली आणि मेट्रनबाईंनी गाडी बोलावली नाही. ताप उतरायला वेळ लागला, जखम भरायला त्याहून जास्त. पुन्हा ते दोन वार सुरू झाले. आणि आता रविवारीही काहीतरी सुरू झालं होतं. वडिलांना वाट सापडली होती. साबणेला जे सांगायचं ते मुलाकडे सांगायचं. त्याला म्हणावं कानामागे घासत जा. त्याला म्हणावं, वकिलाला इतका शेवटी ठेवू नको, माणूस खोकतोय. मुलगा "सांगतो" म्हणायचा. निरोप कुठं चुकत नव्हता.

दिवस गेले, म्हातारा वाळत चालला. न्हाणीघरात बोलणं कमी झालं, मग गोष्टी थांबल्या. खुर्चीवर बसवायला आता दोघं लागायचे. एका रविवारी साबणे भेटीला गेला तेव्हा वडील उशीला टेकून त्याची वाटच बघत होते.

"त्या साबण्याला एक सांगशील?"

"काय?"

"माझे पाय धुताना उकिडवा बसतो तो. उठताना गुडघे वाजतात त्याचे. मला ऐकू येतं. त्याला म्हणावं, स्टूल घे."

"सांगतो."

"सुट्टी तरी घेतो का तो?"

"रविवारी असते."

"मग काय करतो रविवारी?"

साबणेने आपल्या हातांकडे बघितलं. "वडिलांना भेटायला जातो," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने चादरीची घडी बोटांनी सारखी केली. पुन्हा विस्कटली, पुन्हा सारखी केली.

"बरे असतात का ते?"

"असतात. पण मुलगा म्हणून अंगाला हात लावू देत नाहीत त्याला."

"राग आहे का त्याला त्याचा?"

"होता. आता नाही. आता थकलाय फक्त."

वडिलांनी चादर सोडून दिली. मग छताकडे बघत म्हणाले, "काही बापांना तोंड नसतं रे. बाहेर असतं, घरात नसतं. पण हात कुणाचा आहे ते त्यांना कळतं. डोळे मिटलेले असले तरी कळतं. एवढं सांग त्याला."

"सांगतो," साबणे म्हणाला. त्याने वडिलांचा चष्मा उचलला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो उठला. गुडघे वाजले. दोघांनीही ऐकलं.

अंघोळीच्या वाराला त्याने सामानाच्या खोलीतून एक स्टूल शोधून काढलं, धुतलं आणि न्हाणीघरात नेलं. दोघी मावश्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून ठेवलेलं होतं.

"या साबणे," म्हातारा म्हणाला. "आज बसूनच करा."

साबणे स्टुलावर बसला आणि त्याने पाय धुवायला घेतले.